एका मंचावरचे दोन आमदार

एरवी एकमेकांचं तोंडही न पाहणारे दोन आमदार मेंदूच्या गाठीबद्दल जागृती करायला जूनमध्ये परभणीत एका मंचावर आले, तेव्हा मी बायकोला घेऊन सेलूहून गेलो होतो. तिच्या गाठीचं ऑपरेशन होण्यासारखं नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं.

एका आमदारांनी लक्षणं वाचली: सकाळी उठताच डोकं दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं. दुसरे म्हणाले, "अंगावर काढू नका."

वर्षभर आम्ही हे सगळं पित्तावर ढकललं होतं, दोनदा चष्मा बदलला होता. मला मान वर करवेना.

"चांगलं सांगायलेत," बायको हळूच म्हणाली. "लोकायला उपयोग व्हईल."

तिचा डावा हात उचलला जात नव्हता. ती उजव्या हाताने मांडीवर टाळी वाजवत राहिली.

पोळ्याआधीच ती गेली.