बर्फातल्या बापाचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर माझी लेक माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि मी तिच्याशी पहिलं वाक्य बोललो ते असं: "आवाज येता काय गो माझो?"

तेही ओरडून. मी पार उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटावर, हॉटेलात स्वयंपाकी आहे. तिथून घरी व्हिडिओ कॉल लावला की पहिली काही मिनिटं याच प्रश्नात जातात. जिभेला वळणच पडलेलं. बाजूचे टॅक्सीवाले हसले, बायकोने कपाळाला हात लावला. लेक हसली नाही.

"येतोय," ती म्हणाली. "प्रवास बरा झाला ना आपला?"

आपला! आमच्याकडे अशी मराठी तलाठ्यासमोर बोलतात. ही आईशी मालवणी बोलते, शेजारणीशी बोलते, मांजराला शिव्यासुद्धा मालवणीत घालते. माझ्याशी मात्र दाखला मागायला आल्यासारखी. बांदा मागे पडलं, कुडाळ मागे पडलं, तरी गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर माझ्यासमोर चहा ठेवून विचारते, "साखर चालते का आपल्याला?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही माझ्या बॅगेवर बसून राहिली होती, उठायलाच तयार नव्हती. आता सोळा वर्षांची झाली.

तक्रार करायला मला तोंड नव्हतं. बायकोला मी सांगून ठेवलं होतं, "आता बहुतेक हंयच, घराकच." आणि हॉटेलच्या मालकाला निघताना सांगून आलो होतो, "पुढच्या हंगामाला येतो." दोन्हीकडची माणसं खूश. पोटासाठी जातो म्हणावं, तर मालवणात हल्ली बऱ्या स्वयंपाक्याला हात धरून बसवतात. खरी गोष्ट अशी की मला तिथं आवडतं. तिथं सूप चांगलं झालं की माणूस चांगला. पुढचं कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. आता घरात तेच मोठे. परमुलखातून माणूस परतला म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. नारळ ठेवायचा, घरची हकिगत देवाला मोठ्याने सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. म्हणजे एकाने अर्ज वाचायचा, बाकीच्यांनी सह्या करायच्या.

काकांनी घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू बर्फाच्या मुलखातसून सुखरूप घराक इलो..."

"व्हय म्हाराजा!"

"आता तेका परत तकडे जावची बुद्धी दिऊ नको. हंयच कामाधंद्याक लाव, बायकापोरांत ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे बायकोला लग्नापासून ठाऊक आहे. देवालाही असावं.

काकांनी लेकीकडे मान वळवली. "काय गो, तोंड शिवलंस काय?"

"आजोबा, माका पण देवाक सांगूचा आसा."

"सांग मगे! देव काय माझ्या एकट्याचो?"

तिने हात जोडले. नजर नारळावर. "बा देवा म्हाराजा, माझे बाबा फोनार माका खूप बर्फ दाखयतत."

"व्हय म्हाराजा!" सगळे हसत म्हणाले. मीही.

"माझ्या धावीच्या निकालाक पण तेंनी बर्फच दाखयल्यानी."

"व्हय म्हाराजा." हसू जरा कमी.

"आई तापान पडली तेवा आमी तेंका सांगूकच नाय. सांगून ते येवचे नाय, ह्या आमका दोघींकय ठावक होता."

यावर फक्त काका म्हणाले, तेही पुटपुटत. बायको समईची वात सारखी करायला लागली. वात चांगली सरळ होती.

"आणि म्हाराजा, फोनात तेंच्या दाराकडे जाडे बूट दिसतत. मी काल सगळा सामान काढलंय, तेच्यात बूट नाय. कायमचो इल्लो माणूस बूट थंय ठेवन येता काय? ते परत जातले."

काकांचा हात नारळावर तसाच. दुजोरा मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, आणि गाऱ्हाणं संपल्याशिवाय नारळ फुटत नाही. काका माझ्याकडे बघत होते. लेक बघत नव्हती. तेवढ्यात मला सुचलं काय, तर म्हणावं, बूट जड होते गो, वजनात बसेनात. असलं सुचायला मला वेळ लागत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

एकट्यानेच. या खेपेला आवाज काही चढला नाही.

काकांनी नारळ फोडला, "देवा, सांभाळून घी," म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता गेले. लेकीने एक कवड उचलली आणि आत गेली. थोड्या वेळाने खोबरं खवल्याचा आवाज यायला लागला, जरा जास्तच जोरात. मी दुसरी कवड हातात घेऊन तिथंच उभा. माझा स्वभाव असा की अशा वेळीही जरा बरं वाटून घेतो. बायकोला म्हटलं, "चल, एक ओझा उतारला. देवासमोर कबूल तरी केलंय."

तिने माझ्या हातातली कवड काढून घेतली. "देवाक सांगलास ता बरा केलास," ती म्हणाली. "पण देवाचा काय, मी लगीन करून इलंय तेवा होतो तितकोच तो आजून आसा. आपला चेडू तितक्याच ऱ्हवता काय? जावा, तिका सांगा."