दोन बोटं जागा

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भात. मी गॅस पेटवला. तिने पातेल्यातल्या तांदळावर दोन बोटं आडवी धरली आणि ती बुडतील एवढं पाणी ओतलं. "दुकानातल्या त्या जीपचं काय झालं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "बसतात चाकं. उद्या घेऊन जाईल गिऱ्हाईक." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. आधीची ती असती तर भात तसाच टाकून दुकानात आली असती. मी जेवलो आणि गेलो. दुपारी शेजारीण तिला बोलवायला आली तेव्हा ती ओट्यापाशी पडलेली होती. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नाही. दिवस मावळायच्या आत जाळून आलो.

जुन्या जालन्यात आमचं टायरचं दुकान. पाटीवर नाव माझं, पण गल्ली ओळखायची तिला. दोनबोटी काकू. मी चौथी शिकलेलो, तिने शाळा बाहेरूनच पाहिलेली. टायरच्या अंगावरचे आकडे मी मोठ्याने वाचायचो, गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. तिला आकडा येत नव्हता. ती टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं सरकवायची आणि फिरवून बघायची. बोटं मोकळी फिरली तर हो, अडली तर नाही. मी सांगतो, माझे आकडे चुकले असतील, तिची बोटं एकदाही चुकली नाहीत.

नव्या चाकाची भोकं जुन्या नटांना जुळली की मी खूश व्हायचो. ती म्हणायची, "पत्रिका जुळली हो, पन घरात मावते का बघा की!" आणि गाडी रिकामी उभी असताना केलेलं माप ती मानायचीच नाही. "मांडवात बसलेला नवरदेव सरळच दिसतो. ओझं पडल्यावर बघा." मग स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला लावायची, दुसऱ्या बाजूला वळवायला लावायची, आणि गल्लीतली माणसं धरून आणून मागे बसवायची. समोरचे रेडिएटरवाले बशीरभाई तर ठरलेलेच. "भाभी, तनखा तो बांध दो," ते कुरकुर करत चढायचे. ती म्हणायची, "बसा बसा. अल्लानं एवढं वजन दिलंय ते कशाला?" चहावाला, सीट शिवणारा, सगळे बसायचे. मग ती खाली वाकून बोटं घालायची.

आता ते सांगतो, जे सांगायला एवढी वर्षं जीभ उचलली नाही.

बियाणांच्या एका शेठचा मुलगा दोन दारांची लाल गाडी घेऊन आला. जमिनीला टेकलेली, उंदरासारखी पळणारी. तसली गाडी गल्लीने पाहिली नव्हती. सोबत मुंबईहून आणलेली चकचकीत चाकं आणि रुंद टायर. त्याला संध्याकाळी तीन मित्र घेऊन औरंगाबादला लग्नाला जायचं होतं. सगळी गल्ली जमली. मी आकडे वाचले, भोकं जुळवली, चाकं चढवली. गाडी अशी दिसायला लागली की बघत राहावं.

ती आली. मागच्या चाकापाशी बसली. "एकच बोट जातंय," ती म्हणाली. "अन् गाडी रिकामी हाये. रुंद टायर बाहेर आलंय. चौघं बसले की कडेला घासल. आधी बसवून बघा."

पोरगा हसला. "काकू, ही काय काळी-पिवळी आहे का, माणसं कोंबून बघायला?"

सगळे हसले. मीही हसलो. बायकोला लोक हसतात आणि मी हसतो. वर म्हणालो, "जा, चहा सांग चार." ती उठली आणि चहा सांगायला गेली. मी नट आवळले.

बदनापूरच्या अलीकडे मडगार्डच्या पत्र्याने मागचं टायर कापलं. गाडी रस्ता सोडून खाली गेली. मित्रांना खरचटलं, पोराचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी शेठ दुकानात आले. मागे तीच गल्ली उभी. शेठ ओरडले, "माप कुणी घेतलं होतं?"

मी म्हणालो, "हिनं."

एवढंच नाही. पुढेही बोललो. "बाईमाणूस हाये शेठ, चुकलं तिचं. मी फक्त नट आवळले."

तिच्या हातात पाना होता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग शेठकडे वळून म्हणाली, "पोरगं बरं हाये ना?"

शेठ नको ते बोलले. बाईच्या हाती लोकांचे जीव देता, म्हणाले. ती उभी राहून ऐकत होती, मी पण. ते गेल्यावर वाटलं होतं ती भांडेल. तिने पाना पुसला आणि खिळ्याला अडकवला.

त्यानंतर दहा वर्षं तिने एकाही चाकाला बोट लावलं नाही. दुकानात यायची. नट मोजून हातात द्यायची, चहा करायची. माप मात्र नाही. गिऱ्हाईक टोमणा मारायचं, "काकू, लांबच बरं का!" ती हसायची. माझ्या मनात चोर होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "बसतात बराबर," आणि तिच्या तोंडाकडे बघायचो. ती दुसरीकडे बघायची. तिची दोन बोटं फक्त तांदळाच्या पातेल्यात राहिली. रोज दोन वेळा ती मला दिसायची आणि रोज दोन वेळा मी ओठांवर आलेलं गिळून टाकायचो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची किल्ली घेतली. लेक रडत म्हणाली, "बाबा, आज दुकान? लोक काय म्हनतील?" म्हणू दे. जिथे बोललो होतो तिथेच बोलायचं होतं.

शटर वर गेलं तशी माणसं गोळा झाली. मी जीपकडे हात केला. "बसा मागं." बशीरभाई चढले, चहावाला चढला, सीट शिवणारा चढला. तनखा कुणी मागितला नाही. मी स्टेअरिंग पूर्ण वळवलं, मागे आलो, आणि मडगार्डला धरून म्हणालो, "त्या लाल गाडीचं माप मी घेतल्तं. ती नको म्हनली होती. मी तिच्यावर ढकललं."

बशीरभाई खाली बघत म्हणाले, "मालूम है भाई. हम वहींच खडे थे ना. दोनों दिन." मग म्हणाले, "तुम झूठ बोले, हम चुप रहे. भाभी ने दोनों सुना."

मी खाली वाकलो. माझी बोटं जाड. तिची दोन म्हणजे माझं दीड. टायर आणि मडगार्डच्या मधे एक घालून पाहिलं. नखाच्या पुढे गेलं नाही.

"उतरा," मी म्हणालो. खिळ्यावरचा तिचा पाना काढला आणि पहिला नट सैल केला.