रुफिनानं न घेतलेला वाटा

रुफिना दालमास डुकराच्या मटणाचा वाटा न घेता उठली, तेव्हाच आमच्या आंपासिट गावानं ठरवलं की ही बाई कंपनीची आहे.

ती पलीकडच्याच गावची. आमच्या फिलिपिन्सच्या उत्तरेचे, कॉर्डिलेराचे डोंगर भोकं पाडून तपासण्यात तिची उमर गेली, तीही कंपन्यांच्या पगारावर. भलेभले पुरुष तिच्या हाताखाली होते. आता ती खाण-परवाना कचेरीची प्रमुख झाली होती. आल्या आल्या तिनं कागद फिरवणारी टेबलं बंद करून एकच खिडकी ठेवली. कोणी कुठला डोंगर मागितलाय त्याचा नकाशा बाहेरच्या भिंतीवर लावला. हातानं खोदणाऱ्या गावांचे अर्ज आधी बघणार, म्हणाली. एवढं चांगलं कोणी फुकट करतं का, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

माझा नवरा आर्सेनियो डोंगरातल्या बोगद्यातून सोनं काढतो. महिनाअखेरपर्यंत अर्जाला जोडायच्या कागदावर गावानं सह्या केल्या नाहीत, तर डोंगर आमच्यानंतर अर्ज केलेल्या कंपनीला जाणार होता आणि बोगद्याला कुलूप लागणार होतं.

ती पाहणीला आली म्हणून गावानं डुक्कर कापलं. म्हाताऱ्या लाकाय सुंगदुआननं पित्ताशय बघून शकुन चांगला सांगितला. मग वाटे पडले. आमच्यात तान्ह्या मुलाचाही वाटा असतो. जो आला नाही त्याच्या घरी पोचवतात.

रुफिना म्हणाली, "लाकाय, तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. मला घेता येणार नाही."

"मानांग," आर्सेनियो तिला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाला, "मटण आहे, नोटांचं पाकीट नाही."

"कळतंय. तरी नको."

ती गेल्यावर लाकाय म्हणाला, "हिचं जेवण दुसरीकडे झालंय." आपल्या सह्या घेऊन ही डोंगर कंपनीलाच देईल, या भीतीनं सह्यांचा कागद कोणी हातात घेतला नाही.

तिचा वाटा केळीच्या पानात बांधून मी तिच्या आईकडे नेला. रीतच आहे तशी. पण खरं तर मला घर बघायचं होतं. नवे पत्रे, फ्रीज, काहीतरी दिसेलच. चुलीजवळ म्हातारी रताळी सोलत होती. घरात नवं काही नव्हतं. मी न्हाणीसुद्धा पाहिली.

"ने परत," पुडकं न उघडताच म्हातारी म्हणाली. "अर्जवाल्या गावाकडून मीठसुद्धा घ्यायचं नाही, असं लेकीनं बजावलंय."

"आणि कंपन्यांकडून?"

"कंपन्यांचं काय घेऊन बसलीस? सख्ख्या भावाचा अर्ज नाकारला तिनं. दुसऱ्या गावाच्या हद्दीत शिरत होता. माझा डेल्फिन आता या घरी जेवत नाही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "न्हाणीत काय शोधत होतीस? सोनं?"

मी मटण परत आणलं आणि ऐकलेलं गावाला सांगितलं.

"भावालाही दिलं नाही?" लाकाय म्हणाला. "म्हणजे ही आपली नाहीच."

"त्यांचीही नाही," मी म्हटलं. "ती कोणाचीच नसेल, तर आपला पहिला नंबर पहिलाच राहील."

"म्हातारीनं तुला बनवलं असेल तर?" आर्सेनियोनं विचारलं.

"सह्या नाही केल्या तर बोगदा तसाही जातोच आहे."

लाकायनं अंगठा शाईत बुडवला. "अंगठा देतो. भरवसा ठेवतो असं कोणी समजू नका."

परवाना मिळाल्याचं कळलं, तशी मी भाड्याची जीपनी गाडी पकडून कचेरीत गेले. भिंतीवरच्या नकाशात आमचा डोंगर हिरवा रंगवला होता, वर गावाचं नाव. कोणी बघत नाही असं पाहून मी तो हिरवा रंग नखानं खरवडला. खाली कंपनीचा वगैरे दुसरा रंग नव्हता. मग शेजारच्या डोंगराचाही खरवडून पाहिला.