तिच्या ‘नाही’वर वाजलेल्या शिट्ट्या

भातकापणी उरकल्याशिवाय ताईला माहेर दिसत नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, जुन्नरच्या पुढे डोंगरात, घाटघरला दिलेली. यंदा ती चार दिवसांसाठी कळंबला आली, म्हणून मीही मुलीला घेऊन आईकडे राहायला गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर मुलीनं टीव्हीला मोबाईल जोडला. “मावशी, तुमच्या वेळचा कुठला पिक्चर लावू?”

ताईनं पटकन नाव सांगितलं. मीही खूश झाले.

तो पिक्चर आम्ही यात्रेतल्या तंबूत बघितला होता. ताई नुकतीच मंचरला कॉलेजात जायला लागली होती, मी शाळेत होते. आई मधे आणि दोन्हीकडे आम्ही, अशा पोत्यावर बसलो होतो. नंतर वर्षभर गावात तीच गाणी. गिरणीत तीच, वरातीत तीच. ताई त्या नायिकेसारखी वेणी पुढे घ्यायची आणि आरशासमोर मान वळवून बघायची.

पहिला अर्धा तास आम्ही हसत होतो. आई कॉटवर शेंगा फोडत होती, तीही गुणगुणत होती. मग तो प्रसंग आला. नायिका सायकलवरून निघालीय आणि नायक चार मित्रांना घेऊन तिची वाट अडवतोय. ती जाऊ दे म्हणते, हा गाणं म्हणतो. ती चिडते तशी त्याला जास्तच मजा येते. शेवटी तो तिची ओढणी ओढतो. तंबूत याच जागी शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या होत्या.

“ती तर नाही म्हणतेय,” माझी मुलगी म्हणाली. “मग हा ऐकत का नाही?”

 मला एकदम मंचरची एसटी आठवली.

त्याच वर्षी गावातला एक पोरगा ताईच्या मागे लागला होता. स्टँडवर उभा राहायचा, तिच्याच गाडीत चढायचा, मागच्या सीटवरून हेच गाणं म्हणायचा. ताईनं त्याला तोंडावर सांगितलं, मला हे आवडत नाही. गाडीतली माणसं हसायची. “हिरो हाय राव आपला!” एक दिवस त्यानं उतरताना तिची ओढणी धरली. पिक्चरमधल्यासारखीच. मला तेव्हा ते प्रेमच वाटलं होतं. अशा पोराला रागवायचं असतं, हे कुठल्या पिक्चरनं आम्हाला दाखवलं नव्हतं.

वडिलांच्या कानावर गेलं आणि ताईचं कॉलेज बंद झालं. वडील मूळचे डोंगराकडचे, तिकडच्याच नात्यात त्यांनी स्थळ बघितलं. तो एसटीतला पोरगा मात्र तसाच मोकळा फिरत राहिला.

“बंद करा ते,” आई म्हणाली.

“राहू दे,” ताई म्हणाली. “बघू की शेवटपर्यंत.” मग टीव्हीकडे बघतच ती बोलली, “आई, तू तवा मला काय म्हणाली व्हतीस, आठवतंय?”

आईचे हात थांबले. “न्हाई बा.”

“तू हसली असशील त्याच्याकडं बघून, म्हणालीस. उगाच कुणी मागं लागत न्हाई, म्हणालीस.”

“तवा समदे तसंच म्हणायचे गं.”

“समद्यांचं सोड. मी तुला सांगितलं व्हतं, मी हसले न्हाई म्हणून.”

 शेंगांची टरफलं पदरात तशीच धरून आई बसून राहिली. शेवटी नायिकेच्या वडिलांनी तिचा हात नायकाच्या हातात दिला, सगळे हसले, पिक्चर संपला. मुलीनं टीव्ही बंद केला. ताई उठून चहा टाकायला गेली. मला तिच्या मागे जावंसं वाटलं, पण मी आईच्या पुढ्यातल्या शेंगा फोडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली. आई तिच्या पिशवीत लसूण भरत होती. भरता भरता खाली मान घालूनच तिनं विचारलं, “कॉलेजात तू काय शिकत व्हतीस गं?”

ताईनं आईकडे बघितलं.

“भूगोल,” ती म्हणाली. “लई आवडायचा.”

आईनं मान हलवली. एवढ्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि आता त्याचं करायचं काय, ते आम्हा तिघींनाही कळत नव्हतं. बाहेर जुन्नरच्या गाडीचा हॉर्न वाजला, तशी ताई पिशवी उचलून निघाली.