भोपळ्यात राहिलेली बी

ये, अशी जवळ बस. आणि हे पत्र वाचताना तरी तो मोबाइल पालथा घालून ठेव. सातपूर काय सातासमुद्रापलीकडे आहे का गं? कंपनीतून सुटलीस की एका बसचं अंतर, तरी मावशीकडे येणार सणावारी, तेही घाईघाईत. मागच्या खेपेला वीस मिनिटं टेकलीस. त्या वीस मिनिटांत मी तुझ्याशी एक खोटं बोलले. तेच सांगायला बसलेय, पण जरा मागून येऊ दे.

तुझ्या आईनं शेवटच्या वर्षी विहिरीमागं कडू भोपळ्याचा वेल लावला होता, तुला ठाऊक नसेल. आपल्या मळेवाल्यांत कडू वेल म्हणजे घरात शिरलेला चोर. तुझे आजोबा दिसला की उपटून टाकायचे, "याच्या संगतीनं सगळा मांडव कडू होईल" म्हणायचे. पण आम्ही परकऱ्या पोरी असताना देवळात भजनाच्या वीणेच्या भोपळ्याला तुझ्या आईनं हळूच हात लावला होता, आणि बुवांनी रागवायचं सोडून तिला सांगितलं, हा भोपळा कडू असतो पोरी, म्हणून याला कीड लागत नाही. तेवढं तिनं डोक्यात धरून ठेवलं. किती वर्षं? साठ तरी असतील.

"आता या वयात वीणा वाजवणार का तू?" मी तिला हसले होते.

"हसून घे," ती म्हणाली. "मी गेल्यावर हाच वाजेल तुझ्या उशाशी."

ती गेली. भोपळा माझ्या पडवीच्या वाशाला लटकत राहिला. वाळला तशा आतल्या बिया सुटल्या, आणि वारं आलं की खुळखुळायचा. मी भाजी निवडता निवडता "आले, आले" म्हणायचे. कुणाला म्हणायचे, ते तूच समज.

या उन्हाळ्यात इथल्या शाळेत तंबोरी करायचं शिबिर लागलं. तीन आठवड्यांत आपली तंबोरी आपण जोडायची आणि छेडायला शिकायची. शिकवणारे मास्तर मिरजेकडचे. सगळ्या कॉलेजच्या मुली, पांढऱ्या केसांची मी एकटी. बाकीच्यांनी मास्तरांच्या पोत्यातले भोपळे घेतले, मी आपला घरचा काखोटीला मारून नेला. मास्तरांनी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला.

"आजी, कुणाच्या मळ्यातला?"

"बहिणीच्या."

"हात चांगला आहे त्यांचा."

आहे म्हणाले ते. होता, असं मला काही म्हणवेना.

करवतीनं तोंड कापलं, बिया मी पदरात घेतल्या. चमच्यानं आणि काचकागदानं आतून खरवडायचा, तर त्याची धूळ घशात बसते. चार दिवस माझा चहासुद्धा कडू लागत होता. मग त्या तोंडावर लाकडाची पातळ तबली सरसानं चिकटवायची. आणि इथं माझ्या हातानं घोळ केला. आपली रीत माहीत आहे ना? टोपली, डबा, कणगी, काही पुरतं रिकामं करायचं नाही, एखादा दाणा राहू द्यायचा. तुझी आई बाजारातून उठताना टोपलीत एक मिरची तरी ठेवायचीच. मी पदरातली एक बी उचलली, आत टाकली आणि तबली बसवली. विचार केलाच नाही गं. हातच तसा वळलेला.

तारा चढल्या. मधल्या बोटानं एक तार, मग तर्जनीनं पुढच्या तीन, सावकाश, एकीचा आवाज विरायच्या आत दुसरी. जमायला लागलं. पण मधेच एका सुराला आतून झर्र व्हायचं.

मास्तरांनी कान लावला. "आत काय राहिलंय?"

"बी आहे. मीच ठेवली."

"आजी, उद्या वेल येईल हं तंबोरीला!" मुली हसल्या.

मास्तर नाही हसले. म्हणाले, "ही कणगी नव्हे, आजी. रिकामी आहे म्हणून तर वाजते. उघडून काढायला लागेल."

मी म्हटलं, दोन दिवस घरी नेते, मग उघडा.

खाटेच्या वर खुंटीला टांगली. टीव्ही चालू असे, दारावर कांदेवाला ओरडून जाई, मी तर दिवसभर एकटीच बोलत असते. तिनं हूं की चूं केलं नाही. मग तू आलीस. दारातूनच म्हणालीस, "मावशी, चहा नको, लगेच निघायचंय," आणि वर झर्र झालं. तुझा आवाज, पोरी, जरासा घोगरा, थेट तुझ्या आईचा. बाजारात "मेथी घ्या, ताजी मेथी" म्हणणारा. तू पुन्हा काहीतरी बोललीस, पुन्हा झर्र.

"मावशी, फोन वाजतोय बघ तुझा. व्हायब्रेटवर असेल."

"वाजू दे गं," मी म्हटलं.

माझा फोन स्वयंपाकघरात होता, बंद पडलेला. हेच ते खोटं.

तू गेल्यावर मी खुंटीखाली उभी राहून घसा बसवून बोलून पाहिलं. मेथीसुद्धा विकली. ढिम्म हलली नाही. माझ्या आवाजाला ती ओ देत नाही.

मास्तर रविवारी परत जाताहेत. हवेत ओल आली की बी सुजेल, कुजेल, भोपळा आतून खाईल, म्हणाले. उघडली तर स्वच्छ वाजेल. काय करायला हवं ते मला कळतं. तुझ्या आईला वीणा हवी होती, खुळखुळा नव्हे. तो वेल तिनं माझी सोबत व्हावी म्हणून नव्हता लावला. पण एकदा तू ऐक. मग दोघी मिळून नेऊ मास्तरांकडे. ती बी तू ने, गॅलरीतल्या कुंडीत लाव. कोवळ्या भोपळ्याला बोट तेवढं दाखवू नकोस, कुजतो.

रविवारच्या आत ये गं. फोन करून येऊ नकोस, सरळ ये आणि दारातून "मावशी" म्हणून हाक मार. मी आतच असेन, खुंटीखाली कान लावून. लगेच ओ दिली नाही तर घाबरू नकोस. अजून एकदा हाक मार.