डबल बेल

"थांब वं पोरी, मले चुकू दे," असं म्हणून काका अंगठा सदऱ्याला पुसायचे आणि माझ्या अ‍ॅपवर तुटून पडायचे.

आर्वीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मी पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकांसाठी, शेतकऱ्यांना कापसाच्या गाडीचा रांगेतला नंबर घरबसल्या लावता येईल असं अ‍ॅप करत होते. ते पसंत पडलं तर मी गावात राहणार, नाहीतर पुन्हा पुणं. चाचणीसाठी मी ऐपत विसरून नवाकोरा फोन घेतला. त्यावर अ‍ॅप असं पळायचं की तुम्हीही माझी पाठ थोपटली असती.

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे त डेपोतून धुऊन काढलेली गाडी हाये. पॅसेंजरच्या नशिबी कोनती येते, मालूम हाये ना?" आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. काचेला तडा, मागच्या झाकणाला रबरबँड, आणि आत 'शुभ सकाळ'ची इतकी फुलं की फोनला दम लागायचा. "याच्यावर चाललं त कुठीबी चालन."

चाललं नाही. एका गाडीचे दोन-दोन नंबर लागायला लागले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला दिसलं की काका प्रत्येक बटण दोनदा दाबतात.

"काका, एकदाच दाबा ना."

"एक बेल मंजे थांब. गाडी काढाची असन त दोन."

मी चिडले. चूक तुमची आहे, अ‍ॅपची नाही, असं तोंडावर बोलले. काका उठले आणि पुलगावच्या बसमध्ये जाऊन बसले. जाता-येता शेजारी बसेल त्याच्या हातात त्यांनी तो फोन दिला आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "कोनी दोनदा दाबलं, कोनी चारदा. फोन ढिम्म राह्यला त मानसानं काय कराव?"

माझी जिरली. मी अ‍ॅप दुरुस्त केलं. बटण कितीही वेळा दाबा, नंबर एकच.

दाखवायच्या दिवशी मालकांनी माझा देखणा फोन बाजूला सारला आणि फाटकावरच्या चौकीदाराला बोलावलं. त्याचा फोन काकांच्या फोनचा थोरला भाऊ. त्यानं बटण दाबलं. काहीच होईना, म्हणून आणखी पाच वेळा दाबलं. मग हळूच नंबर उमटला, एकच. मी जिनिंगमधून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

काका ओट्यावर वाट पाहत होते. "निघाली काय गाडी?"

"निघाली," म्हणताना मला हसूही आलं आणि रडूही.

यंदा पोळ्यानंतर काका गेले. काकूंनी तो फोन रबरबँडसकट आणून दिला. "पोरीच्या कामाचा हाये म्हनत," एवढंच बोलल्या.

नवं अ‍ॅप झालं की मी आधी त्याच्यावर चढवते. डेपोतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरून अजून रोज सकाळी फुलं येतात. मी एकही काढून टाकत नाही. अंगठा ओढणीला पुसते, बटण दोनदा दाबते, आणि फोनला दम खाऊ देते.