एकुलता नर पतंग

कॉलेजात मला कीटकशास्त्र शिकवणाऱ्या महाजन सरांचे उपकार माझ्यावर सर्वांत मोठे. आज दातांच्या दवाखान्यात लवंगतेलाचा वास आला आणि बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातली दुपार आठवली.

हिमालयातल्या झाडांच्या पानांत बोगदे कोरणाऱ्या अळीपासून झालेला तिळाएवढा पतंग मी तपासत होतो. गोळा केलेल्या पतंगांत नर एकच होता, आणि जात ठरते ती नराच्या जननेंद्रियांवरून. जात नवी असेल अशी आशा होती; ती ओळखायची, तर वाळलेलं पोट वेगळं करून आतले ते अवयव लवंगतेलात तपासायचे. पोट सुईच्या टोकावर असतानाच सर उन्हातून आले आणि सवयीने त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"सर, पंखा नको!" मी ओरडलो.

"अरे भाऊ, मी तर मेलेल्यालाच उडवलं असतं!" म्हणत सर तासभर घामाने निथळत उभे राहिले. तेव्हा मला फक्त पतंग दिसत होता. आता त्यांचा भिजलेला सदरा दिसतो.

पुढे मी त्यांना लिहिलं, "सर, जात नवी नाही, जुनीच निघाली. पण ओळखली मीच."